परग्रहावरचा शिकारी आणि जिन्याखालची घूस

केसरीनाथ तरे आणि दामू रोकडे मास्तर यांची वीस वर्षांची मैत्री एका परग्रहावरच्या प्राण्यामुळे तुटायच्या बेतात आली, ही गोष्ट भिवंडीत पुढे कितीतरी दिवस सांगितली जायची. सांगणारे तीत तिखटमीठ घालत. कुणी म्हणे मारामारी झाली, कुणी म्हणे पोलीस आले. तसं काही झालं नाही. जे झालं ते पुरेसं होतं.

साल एक्याण्णव. धामणकर नाक्याच्या मागे, दोन्ही बाजूंनी लूमचे कारखाने आणि मध्ये चार मजल्यांची एक इमारत, तिची सोसायटी होऊन पाच वर्षं झाली म्हणून सेक्रेटरी काळूराम म्हात्रे यांनी रविवारी दुपारी गच्चीवर मांडव घालून भाड्याचा व्हिडिओ आणला होता. कौटुंबिक चित्रपट दाखवायचा ठराव मंजूर झाला होता. कॅसेटच्या डब्यावरही सासू, सून आणि देव्हारा असंच चित्र होतं. पण डबा एक आणि आतला माल दुसरा असं निघालं. पडद्यावर एक तबकडी उतरली, तिच्यातून तीन डोळ्यांचा, चार हातांचा, काचेचं चिलखत घातलेला एक धिप्पाड प्राणी बाहेर आला आणि त्याने एका बेटावरच्या दीपगृहातल्या माणसांची शिकार सुरू केली.

कॅसेटच्या दुकानाला रविवारी दुपारी टाळं. लाडू वाटून झालेले. उठून जायचं कुठे? सगळे बसून राहिले. चित्रपट इंग्रजी होता, म्हणून विज्ञान शिकवणारे दामू मास्तर टीव्हीशेजारी उभे राहून त्याचं मराठी करून सांगू लागले. "तो म्हणतोय, हे लोक फार अशक्त आहेत. आता तो भिंतीच्या आरपार बघतोय. आता जे बोलला ते सांगण्यासारखं नाही." असं करत दोन तास गेले. त्या प्राण्याला मैलावरचा वास येई, अंधारात दिसे, त्याच्या भाल्यातून आग निघे. एवढं असून त्याने दोन तासांत जेमतेम पाच माणसं मारली आणि शेवटी दीपगृहाच्या म्हाताऱ्या रखवालदाराने पायऱ्यांवर दिव्याचं तेल ओतलं, त्यावरून घसरून तो मेला.

टाळ्या पडल्या. त्या ओसरत असतानाच केसरीनाथ म्हणाला, "हा कसला शिकारी? तेलावरून घसरून मेला!"

केसरीनाथ एका सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून होता. मूळचा भिवंडीजवळच्या शेलार गावचा. त्याचे वडील भाताच्या हंगामात माळ्यावर बसून रानडुकरांपासून शेत राखायचे, त्यामुळे शिकार या विषयात आपल्याला घरचं ज्ञान आहे असं त्याला मनापासून वाटे. दामू मास्तर त्याच्या समोरच्या दारात राहायचे. रोज संध्याकाळी सहा वाजता चहाचा कप घेऊन दोघे तिसऱ्या मजल्याच्या कठड्याशी उभे राहत आणि जगातल्या सगळ्या प्रश्नांवर वाद घालत. वीस वर्षांत एकाही प्रश्नाचा निकाल लागला नव्हता, म्हणून मैत्री टिकली होती.

"केसरी, जो प्राणी अब्जावधी मैल पार करून आला, त्याला तू कमी लेखतोस?" मास्तर म्हणाले.

"आला म्हणजे काय झालं? गाडी चांगली होती, म्हणून आला. शिकाऱ्याचा खरा कस बसण्यात असतो. या गृहस्थाला पाच मिनिटं एका जागी बसवत नव्हतं. अरे, त्याच्याकडचं निम्मं सामान मला दे, मी—"

"तू काय?" मास्तर हसले आणि त्यांनी ते वाक्य उच्चारलं. "तुला वर्षभर जिन्याखालची घूस धरता येत नाही!"

सगळी गच्ची हसली. मांडवाचा बांबू धरून उभा असलेला माणूस हसला. सर्वांत वाईट म्हणजे केसरीनाथची बायको बकुळा हसली, आणि तोंडावर पदर घेऊन हसली, म्हणजे मनापासून हसली.

जिन्याखालची घूस हा इमारतीचा दुखरा विषय होता. मांजराएवढी मोठी, करड्या केसांची, निवांत चालणारी. तिने जिन्याखालची जमीन पोखरली होती. तळमजल्यावर सलामतभाई अन्सारींचं गोदाम होतं, तिथल्या सुताच्या गठ्ठ्यांत ती बाळंतपणं करायची. केसरीनाथ हाउसिंग कमिटीचा आरोग्य-सभासद होता, तेव्हा घूस ही रीतसर त्याच्याच खात्यात मोडत होती. वार जिव्हारी लागला तो यामुळे.

"पुढच्या रविवारच्या आत घूस धरतो," केसरीनाथ उभा राहून म्हणाला. "जिवंत. हत्यार न वापरता. मग तू सोसायटीच्या फळ्यावर सही करून लिहायचं की परग्रहावरचा शिकारी कुचकामी आहे."

"आणि नाही धरलीस तर तू लिहायचं, की तो तुझ्यापेक्षा बलवान आहे."

"लिहीन. तोवर आपलं बोलणं बंद."

काळूराम म्हात्रे ताबडतोब आडवे आले. सोसायटीच्या आवारात पैज लावता येत नाही, असं त्यांनी उपविधींचा आधार देऊन सांगितलं. बराच खल होऊन शेवटी "प्रयोग" असा शब्द घालून त्यांनी ते इतिवृत्तात नोंदवलं. काळूरामांना शेतीची जमीन होती, भाडेकरू होते, सगळं होतं. पण त्यांचा खरा जीव इतिवृत्ताच्या वहीत होता.

सोमवारी संध्याकाळी सहाला केसरीनाथ कठड्याशी आला नाही. मास्तर आले, चहा एकट्याने प्यायले आणि आत गेले. दार जरा जोरातच लागलं.

केसरीनाथ त्या वेळी अन्सारी चाचांच्या गोदामात होता. चाचांनी लूमच्या भंगारातून स्वतः जोडलेला एक पिंजरा काढून दिला. ट्रंकेएवढा, भक्कम. "केसरीभाई," चाचा म्हणाले, "इसमें शेर भी आ जाएगा. बस, उसका आने का मन होना चाहिए."

मन होण्यासाठी काय लावायचं, यावर इमारतीत दोन तट पडले. तिसऱ्या मजल्याचं मत सुकटीच्या बाजूने होतं, दुसऱ्या मजल्याचं तुपातल्या भाकरीच्या. पहिल्या मजल्यावरच्या शैला वहिनी म्हणाल्या की काय लावता ते महत्त्वाचं नाही, तिचं नाव घेऊ नका हे महत्त्वाचं. नाव घेतलं की तिला कळतं. "आमच्याकडे मामी म्हणतात," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

सोमवारी सुकट लावली. सकाळी सुकट नाही, घूस नाही, पिंजऱ्याचं दार उघडंच. मंगळवारी भाकरी लावली. भाकरी गेली आणि चौकटीला थोडं तूप राहिलं होतं तेही चाटलेलं होतं. बुधवारी दोन्ही लावलं. आपण तिला धरत नसून रोज जेवू घालतो आहोत, असा विचार केसरीनाथच्या मनात येऊन गेला, पण त्याने तो परतवून लावला.

त्याच बुधवारी बकुळेची सख्खी मामी मानकोलीहून दोन दिवस राहायला आली. ती आतल्या खोलीत जरा आडवी झाली असताना बाहेर केसरीनाथ बकुळेला सांगत होता, "मामी फार खाते गं. फुकटचं खाऊन खाऊन सुस्तावलीय. आज दिवसभर तिला उपाशी ठेवू, म्हणजे रात्री बरोबर सापडेल." मामी संध्याकाळच्या एसटीने परत गेली. तिची समजूत काढायला बकुळेला पुढे दोनदा मानकोलीला जावं लागलं आणि दोन्ही वेळा मामीने पानातलं काही खाल्लं नाही.

पिंजऱ्याच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही, हे केसरीनाथने ओळखलं. स्वतः दबा धरून बसायचं ठरलं. परग्रहावरच्या प्राण्याकडे सामान होतं. आपल्याकडेही थोडं असावं, एवढा मोह मात्र त्याला पडला. बुधवारी संध्याकाळी सात वाजता तो पायात गमबूट, अंगावर काळा रेनकोट, डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट चढवून आणि लाल कागद लावलेली बॅटरी नाडीने छातीला बांधून जिन्याखाली बसला. बॅटरी लाल का, तर घुशीला लाल रंग दिसत नाही, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं.

घुशीला दिसलं की नाही कळलं नाही. शैला वहिनींना दिसलं. त्या गिरणीतून पाच किलो ज्वारीचं पीठ घेऊन येत होत्या. जिन्याखालच्या अंधारात त्यांना एक तांबडा डोळा आणि त्यावर एक मोठं गोल डोकं दिसलं. शिवाय ते डोकं अदबीने म्हणालं, "वहिनी, मी आहे." एवढं ऐकून त्यांनी पिठाचा डबा फेकला. नेम चांगला होता.

किंकाळीने सगळी इमारत खाली आली. पिठाने पांढराफेक झालेला केसरीनाथ हेल्मेट काढायचा प्रयत्न करत होता आणि ते निघत नव्हतं. अन्सारी चाचांनी कंदील वर करून नीट पाहिलं आणि म्हणाले, "केसरीभाई, अब तो आप सच में ऊपर से आए लगते हो." गर्दीच्या मागे दामू मास्तर उभे होते. ते हसले नाहीत. ते हसले असते तर बरं झालं असतं, असं केसरीनाथला वाटलं. मास्तर फक्त पुढे आले, हेल्मेटचा अडकलेला पट्टा सोडवला आणि वर निघून गेले.

गुरुवारी फळ्यावर सूचना लागली: "सर्व सभासदांस कळविण्यात येते की, जिन्याखालील सामाईक जागेत कोणाही सभासदाने परग्रहावरील अथवा अन्य कोणत्याही प्राण्याचा वेश करून बसू नये. वेशाविना बसावयाचे असल्यास लेखी अर्ज करावा व तळमजल्यावरील सभासदाचे ना-हरकत पत्र जोडावे." अर्ज दिला. अन्सारी चाचांनी ना-हरकत दिली ती उर्दूत. काळूरामांना उर्दू येत नव्हती आणि न वाचता कागद दाखल करणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. तेव्हा चाचांनी तो कागद मोठ्याने वाचून दाखवला, काळूरामांनी तो मराठीत लिहून घेतला, त्यावर चाचांची सही घेतली. सहीही उर्दूत होती. त्यासाठी कमिटीची दुसरी बैठक झाली.

इकडे कचेरीत वेगळंच काही शिजत होतं आणि केसरीनाथला त्याचा पत्ता नव्हता.

झालं होतं असं. अन्सारी चाचा नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर कौतुकाने म्हणाले होते, "अपने तरे साहब अब घूस पकडेंगे. आठ दिन में. जिंदा!" भिवंडीत एकाच वाक्यात मराठी आणि हिंदी शेजारी बसतात आणि सहसा त्यांचं भांडण होत नाही. पण मराठीतली घूस बिळात राहते आणि हिंदीतली टेबलाखाली. टपरीवर केसरीनाथच्या कचेरीतला शिपाई लडकू उभा होता. त्याने हिंदीतली घेतली.

गुरुवारी केसरीनाथ कचेरीत शिरला तेव्हा हेडक्लार्क उभे राहिले. त्याला वाटलं, पंख्याची वायर बघत असतील. दुपारी एका म्हाताऱ्याला चार महिने अडकलेला दाखला अर्ध्या तासात मिळाला. म्हातारा इतका घाबरला की दाखला घेऊन जाईना. काहीतरी राहिलंय, कोणीतरी आता हाक मारेल, म्हणून दारातच उभा. केसरीनाथला हे विचित्र वाटलं, पण त्याचं मन जिन्याखाली होतं.

शुक्रवारी कचेरी सुटल्यावर केसरीनाथ थेट शेलारला आईकडे गेला. पार्वतीबाई अंगणात वाल सोलत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, रेनकोटाचं ऐकताना कपाळाला हात लावला.

"साबन लावून बसतंस तू?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे काय? आंघोळ करून, पावडर लावून..."

"मंग ती कशाला येल? तिला नाक हाय. साबन न्हाय लावाचा, पावडर न्हाय लावाची. अंगाला आपल्याच घराचा वास येवाला पायजे. आन् गप बसाचा. तुजा बा चार-चार घंटे हालाचा न्हाय. डास चावला तरी न्हाय."

"बाबांनी किती डुकरं मारली गं?"

"मारली? एक पन न्हाय," पार्वतीबाई वाल सोलत म्हणाल्या. "डुकरं यवाची, तो बसलेला बघाची, आन् जावाची. तो काय मारनारा हुता? भात राखत हुता."

ही माहिती केसरीनाथला नवीन होती. गच्चीवर त्याने बापाच्या जिवावर शिकारीविषयी जे सांगितलं होतं ते आठवून त्याला थोडा घाम आला. पण आईचा सल्ला त्याने पाळला. शुक्रवार संध्याकाळपासून आंघोळ बंद, दाढी बंद, बोलणं जवळजवळ बंद. बकुळेने अंथरूण बाहेरच्या खोलीत टाकून दिलं.

शनिवारी या अवतारात तो कचेरीत गेला. त्याची दाढी, मळका सदरा आणि मौन पाहून उरलीसुरली शंका फिटली: माणूस गुप्त कामगिरीवर आहे. अकरा वाजता साहेबांनी आत बोलावलं. साहेब विदर्भातून बदलून आलेले, स्वभावाने भित्रे. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी त्यांच्या केबिनमध्ये एक टेबलफॅन ठेवून गेलं होतं आणि त्यांनी तो परत पाठवला नव्हता. एवढंच काय ते पाप, पण ते रोज त्यांच्या तोंडावर वारा घालत होतं.

"बसा, तरे," साहेब म्हणाले. आजवर त्यांनी बसा म्हटलं नव्हतं. "तुम्ही म्हणे घूस पकडताय?"

केसरीनाथला बरं वाटलं. साहेबांपर्यंत बातमी पोचली! "हो साहेब. पण ड्युटीच्या वेळेत नाही. खाजगी वेळात."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"तसं माझ्याच मनाचं. पण कमिटीने ठराव केलाय."

"कमिटी बसली?"

"दोनदा."

साहेबांनी फॅन बंद केला. "किती दिवसांचं आहे हे प्रकरण?"

"वर्ष झालं असेल. आतून सगळं पोखरून ठेवलंय, साहेब. वरून काही दिसत नाही. लोक बघतात आणि गप्प बसतात."

"एकच आहे, की...?"

"मुख्य एकच. पण वाटा दोन आहेत. एक समोरून, एक मागच्या दाराने."

"मागच्या दाराने," साहेब पुटपुटले.

"चांगली पोसलेली आहे. पोट असं, मान नाहीच." केसरीनाथने दोन्ही हातांनी आकार दाखवला. साहेबांनी पोट आत घेतलं. "सगळं खाते आणि सापडत नाही. पण मी सवयी हेरल्यात तिच्या. आज संध्याकाळी धरतोच."

"आज! आणि धरून मग काय करणार?"

"मारायची नाही, साहेब. लोकांना दाखवायची आणि लांब नेऊन सोडायची."

"लांब? कुठे?"

"अजून ठरलं नाही," केसरीनाथ म्हणाला आणि साहेब आज इतक्या मोकळेपणाने बोलताहेत तर आपणही एखादा विनोद करावा, म्हणून पुढे म्हणाला, "अगदी गडचिरोलीला काही धाडता येणार नाही!"

साहेब हसले नाहीत. त्यांनी पाणी मागवलं. दुपारी कचेरी सुटताना लडकू शिपाई टेबलफॅन टॉवेलात गुंडाळून मागच्या दाराने नेताना दिसला, तेव्हा केसरीनाथने त्याला हटकलं आणि सारा उलगडा झाला.

"अरे बाबा, ती घूस नव्हे!" केसरीनाथ कळवळून म्हणाला. "ती आमच्या जिन्याखालची! शेपटीवाली!"

"समजलो साहेब," लडकू डोळा मिचकावून म्हणाला. "शेपूट लांबच असतं. पार वरपर्यंत जातं."

दुपारी घरी येताना केसरीनाथ पायीच आला. त्याला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. तीन दिवस आख्खी कचेरी आपल्याला घाबरत होती. आपण खोकलो की फायली हलत होत्या. आणि आपण कोण? एका घुशीला आठ दिवस सुकट चारणारा माणूस. भीती वाटते म्हणून समोरचा बलवान असतोच असं नाही, हे त्याचं मूळ म्हणणं तर सिद्ध झालं होतं; पण असं सिद्ध होईल याची त्याने कल्पना केली नव्हती. त्याला ही गोष्ट लगेच कोणाला तरी सांगावीशी वाटली. ती सांगण्याजोगा माणूस जगात एकच होता आणि त्याच्याशी बोलणं बंद होतं.

संध्याकाळी सहाला तो जिन्याखाली बसला. बनियन, लुंगी, पालथी बादली. पिंजऱ्याच्या दाराची खिटी काढून टाकून त्याने दाराला सुतळी बांधली होती आणि तिचं दुसरं टोक हातात. सोडली की दार खाली. आत तीन सुके बोंबील.

दहा मिनिटांनी जिन्यावर पावलं वाजली. दामू मास्तर खाली आले. अर्जात केसरीनाथने बसण्याची वेळ दिली होती आणि अर्ज फळ्यावर लागला होता, म्हणजे त्यांना ती ठाऊक होती. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. जिन्याच्या खालून तिसऱ्या पायरीवर ते बसले, पेपर उघडला आणि वाचू लागले. पान मात्र उलटेनात. पानाचा आवाज होतो.

दोघे बसून राहिले. दोन्ही बाजूंच्या लूमची खडखड अखंड चालू होती. केसरीनाथच्या मानेवर एक डास बसला. त्याने तो बसू दिला. दुसरा कानावर. पाऊण तास गेला. मग बिळाच्या तोंडाशी माती हलली आणि एक नाक बाहेर आलं. पाठोपाठ घूस आली. तिने केसरीनाथकडे पाहिलं. त्याच्या अंगाला दीड दिवसाचा वास होता, इमारतीतल्या कुठल्याही कोपऱ्यासारखा. ती पिंजऱ्याकडे निघाली. पुढचे दोन पाय आत टाकले.

आणि वीज गेली.

एकदम सगळे लूम थांबले. जन्मापासून त्या खडखडीत वाढलेल्या घुशीला शांततेचा अनुभव नव्हता. ती दचकली, मागे सरली आणि बिळाच्या तोंडाशी अंग चोरून राहिली. केसरीनाथने हातातली सुतळी ताणून धरली. आता सोडावी? नको. वर कुठेतरी पोरांचा गलका, दारं उघडल्याचे आवाज, कोणीतरी जिना उतरू लागलं. मास्तरांनी न वळता एक हात मागे उंचावला. ती पावलं तिथेच थांबली. त्या शैला वहिनी होत्या. त्यांच्या मागे काळूराम. त्यांच्या मागे बकुळा. कोणी श्वास मोठ्याने घेईना. अशी वीसेक मिनिटं गेली असतील. भिवंडीत इतकी माणसं इतका वेळ गप्प राहिल्याचं इतिवृत्तात दुसरं उदाहरण नाही.

दिवे आले. एक लूम सुरू झाला, मग दुसरा, मग सगळे. घुशीने कान टवकारले. जग पुन्हा जाग्यावर आलं होतं. ती निघाली, सावकाश पिंजऱ्यात शिरली, बोंबील तोंडात धरला.

केसरीनाथने सुतळी सोडली.

दार पडलं तेव्हा पहिला ओरडला तो केसरीनाथ नव्हे. दामू मास्तर पेपर फेकून ओरडले, "केसरी! धरलीस! अरे धरलीस!" आणि मग बोलणं बंद असल्याचं आठवून ओशाळले. पण तोवर केसरीनाथने त्यांचा हात धरला होता आणि म्हणत होता, "मास्तर, आधी कचेरीतली गंमत ऐक."

रविवारी सकाळी इमारतीने रांगेने घूस पाहिली. नंतर आंघोळ केलेला केसरीनाथ आणि मास्तर पिंजऱ्यावर चादर टाकून रिक्षाने कशेळीला गेले. खाडीच्या काठी चिखलात पिंजरा ठेवून दार उघडलं. घूस बाहेर येईना. शेवटचा बोंबील संपवणं चालू होतं. दोघे दगडावर बसले. भरती लागत होती.

"हरलो मी," मास्तर म्हणाले. "काल तुला पाहिलं. हातात सुतळी, अंगावर डास, आणि हालचाल नाही. मला पटलं. सामानाने काही होत नाही. माझा तो तीन डोळ्यांचा प्राणी शिकारी नव्हताच. त्याला थांबताच येत नव्हतं. मी फळ्यावर लिहितो तसं."

केसरीनाथ खाडीकडे पाहत होता. "नको लिहूस."

"का?"

"मी विचार केला रे. मला पिंजरा चाचांनी दिला. अक्कल आईने दिली. घूस बिथरली तेव्हा आख्खी इमारत माझ्यासाठी श्वास रोखून उभी राहिली. तू होतास. तरी एक घूस धरायला आठवडा लागला. तो बिचारा एकटा आला. मुलूख परका, भाषा येत नाही, कोणी सल्ला द्यायला नाही, चुकला तर हेल्मेटचा पट्टा सोडवायला नाही. आणि तरी त्याने दोन तासांत पाच माणसं मारली. साधी गोष्ट नाही, मास्तर. तो बलवान होता."

"काय बोलतोस! तो घाईघाईने धावत सुटला होता!"

"परक्या गावात माणूस घाईत असतोच."

"पण चार हात असून—"

"चार हात असले तर चार गोष्टी सांभाळाव्या लागतात. तुला दोन सांभाळत नाहीत!"

आवाज चढू लागले, तेव्हा घूस पिंजऱ्यातून उतरली, चिखलातून चार पावलं गेली, एकदा थांबली आणि तिवरांत शिरली. दोघांनाही ती गेल्याचं पुष्कळ वेळाने कळलं.

इमारतीत परतले तेव्हा फाटकाशी काळूराम म्हात्रे वही उघडून उभे होते. "प्रयोगाचा निष्कर्ष काय लिहू?" त्यांनी विचारलं. "तो प्राणी बलवान, की कुचकामी?"

"बलवान," केसरीनाथ म्हणाला.

"कुचकामी," मास्तर म्हणाले.

काळूरामांनी वहीतलं मागचं पान काढून वाचलं, पुढचं वाचलं, दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "अहो, पण मागच्या रविवारी हे उलट होतं!"

तोवर दोघे पहिल्या मजल्यावर पोचले होते. वरून मास्तरांचा आवाज येत होता, की केसरी, तुला विज्ञानातलं काही कळत नाही. आणि केसरीनाथचा, की मास्तर, तुला शिकारीतलं. बकुळेने तो आवाज स्वयंपाकघरातून ऐकला. घड्याळात अजून बाराही वाजले नव्हते. तरी तिने दोन कप चहाचं आधण ठेवलं.